नदी नासलेल्या शहराने पिण्याचं पाणी आणायचं कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: लाखभर वस्तीचं नदीकाठचं शहर. वरच्या अंगाला मोठं शहर, औद्योगिक वसाहत आणि दोन साखर कारखाने. एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणी पिवळसर येतं, वास मारतो, आणि दर उन्हाळ्यात काविळीचे रुग्ण निघतात. नगरपरिषदेपुढे तीन प्रस्ताव आहेत: चाळीस किलोमीटरवरच्या धरणातून थेट पाइपलाइन, शहरभर नव्या बोअर, किंवा आहे त्या जलशुद्धीकरण केंद्रात जास्त ताकदीची यंत्रणा. यातलं कोणतं सुरक्षित, असं तुम्ही विचारलं आहे.

मी प्रश्न थोडा फिरवून घेतो. उद्भव, म्हणजे पाणी जिथून उचलायचं ती जागा, निवडताना "सर्वांत स्वच्छ पाणी कुठलं" हे मी शेवटी बघतो. आधी बघतो ते हे, की वर्षातल्या सर्वांत वाईट आठवड्यात त्या उद्भवात काय येऊन मिसळतं, आणि तुमच्या केंद्राला ते काढता येतं का. वर्षाचे अकरा महिने उत्तम असलेला उद्भव बाराव्या महिन्यात साथ आणू शकतो. उलट बारमाही मध्यम प्रतीचं, पण अचानक न बदलणारं पाणी साध्या केंद्रातूनही सुरक्षित करता येतं. तुमच्या शहराचे आकडे माझ्यापुढे नाहीत, त्यामुळे तिन्हींपैकी एकावर बोट ठेवणार नाही. पण निवड कशी करायची आणि प्रत्येक प्रस्ताव कुठे फसतो, ते सांगता येईल.

आधी गरज किती ते ठरवू. माणशी १३५ लिटर धरले तर लाख लोकांना रोज १.३५ कोटी लिटर. १५ टक्के गळती धरली तर उद्भवातून १.६ कोटी लिटर, म्हणजे १६ दशलक्ष लिटर उचलावे लागतात. गळती ३५ टक्के असेल (जुन्या बिडाच्या आणि सिमेंटच्या वाहिन्यांच्या गावात ती सहज असते), तर तोच आकडा २ कोटींच्या वर जातो. नवा उद्भव शोधण्याआधी गळती मोजा म्हणतो ते यासाठी. शिवाय गळतीचा संबंध फक्त प्रमाणाशी नाही, काविळीशीही आहे. त्याकडे पुढे येतो.

आता नदी. "नदी खराब आहे" एवढ्यावर निर्णय होत नाही. ती कशाने खराब आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. घरगुती मैला असेल तर जंतू, अमोनिया आणि बीओडी (घाण कुजवताना जंतू वापरतात तेवढा ऑक्सिजन) वाढतो. कापड प्रोसेसिंगचं पाणी असेल तर रंग आणि क्षार वाढतात. साखर कारखाना आणि डिस्टिलरीचं असेल तर विरघळलेला ऑक्सिजन एका रात्रीत शून्यावर येतो आणि सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात. गाळणी आणि क्लोरीन असलेलं नेहमीचं केंद्र गढूळपणा आणि जंतू काढतं. विरघळलेले क्षार, नायट्रेट आणि बहुतेक रंग ते काढत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत, नेहमीची शुद्धीकरण प्रक्रिया करून पिता येईल अशा 'सी' वर्गाच्या नदीची मर्यादा दिली आहे: बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत, विरघळलेला ऑक्सिजन किमान ४ मिलिग्रॅम, एकूण कोलिफॉर्म १०० मिलिलिटरला ५००० पर्यंत. तुमच्या जॅकवेलपाशी (नदीतून पाणी उचलायच्या विहिरीपाशी) मे महिन्यात यातलं काय टिकतं, तेवढं आधी बघा.

यातला अमोनिया फार घात करतो आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. पाण्यात अमोनिया असेल तर घातलेला क्लोरीन आधी त्याला चिकटतो आणि क्लोरामाइन होतं. जंतू मारण्यात ते फार दुबळं असतं. मोकळा क्लोरीन उरायला अमोनियातल्या नायट्रोजनच्या आठ ते दहा पट क्लोरीन लागतो. म्हणजे हा नायट्रोजन लिटरला ३ मिलिग्रॅम असला की फक्त त्याच्यासाठी २४ ते ३० मिलिग्रॅम क्लोरीन. १६ दशलक्ष लिटरच्या केंद्राला दिवसाला चारशे ते पाचशे किलो. चांगल्या पाण्याला हेच केंद्र तीस-पस्तीस किलोत भागवतं. एका टोनरमधून (क्लोरीनच्या टनभराच्या टाकीतून) गॅस इतक्या वेगाने निघतच नाही, जास्त ओढला की टोनरवर बर्फ धरतो आणि दाब पडतो. मग ऑपरेटर झेपेल तेवढाच डोस ठेवतो. ओटी टेस्टमध्ये (ऑर्थोटोलिडीन टाकून होणाऱ्या क्लोरीनच्या चाचणीत) पिवळा रंग दिसतो आणि सगळे निश्चिंत होतात. पण थोडा वेळ थांबलं तर ओटी टेस्ट क्लोरामाइनलाही पिवळी होते. तो रंग मोकळ्या क्लोरीनचाच आहे असं धरू नका. अमोनियाची शंका असेल तिथे मोकळा क्लोरीन वेगळा दाखवणारं डीपीडी किट वापरा. यमुनेत अमोनिया १ मिलिग्रॅमच्या आसपास गेला की दिल्लीतली वझिराबाद आणि चंद्रावळची केंद्रं उत्पादन कमी करतात, ते याच कारणामुळे. तिथे यंत्रसामग्री आणि माणसं दोन्ही आहेत, तरी ही पाळी येते. लाखाच्या शहराने त्या पाण्याशी झुंजायचं ठरवणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना: कोणत्याही प्रस्तावावर ठराव करण्याआधी नदी वरच्या दिशेने पायी बघा. जॅकवेलपासून किमान २५-३० किलोमीटर. प्रत्येक नाला कुठे मिळतो, कोणत्या वेळी वाहतो, त्याचा रंग काय, बंधारा कुठे आहे, त्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या, काढता येणाऱ्या फळ्या) केव्हा काढतात हे नकाशावर मांडा. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे या हिशेबात फार महत्त्वाचे आहेत. उन्हाळ्यात बरगे घातले की नदीचं तळ्यांमध्ये रूपांतर होतं आणि वरून आलेला मैला तिथेच मुरत बसतो. पहिल्या वळवाला किंवा बरगे काढल्यावर ते काळं पाणी एकदम खाली सुटतं. पंचगंगेवर तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच लागल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. खालच्या शहराच्या जॅकवेलमध्ये हेच पाणी येतं. बरगे काढण्याची तारीख जलसंपदा विभागाकडून दोन दिवस आधी कळली आणि तेवढा वेळ उपसा बंद ठेवता आला, तरी धोका पुष्कळ कमी होतो. उपसा बंद ठेवायला मात्र साठा लागतो.

पाण्याचे नमुने घेताना एक नमुना आणि एक प्रयोगशाळेचा कागद एवढ्यावर थांबू नका. महिन्याला एक असे बारा घ्या. त्याशिवाय मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर चोवीस तास, दर दोन तासांनी घ्या. विद्युतवाहकता (तिच्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज येतो) आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजायचे हातातले मीटर पुरतात. ऑक्सिजन पहाटे पाचला बघा. दुपारी तीनला शेवाळामुळे तो फुगलेला दिसतो आणि नदी ठणठणीत असल्याचा भास होतो. वाहकता रात्री दोनला अचानक चढत असेल, तर वर कुणीतरी अंधारात पाणी सोडतं आहे. सीओडी (घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) आणि बीओडीचं गुणोत्तर दोनच्या आसपास असेल तर बहुधा घरगुती सांडपाणी. चार-पाचच्या वर गेलं की कारखान्याचं समजा. प्रदूषण नियंत्रण मंडळाशी बोलायला हाच पुरावा उपयोगी पडतो.

आता पर्याय. तुमच्या यादीत नसलेले दोन आधी घेतो, कारण बैठकीत ते सहसा येत नाहीत आणि बऱ्याच शहरांना तेच परवडतात.

पहिला, जॅकवेल वर सरकवणं. मोठ्या नाल्याच्या संगमाच्या खाली उपसा असेल आणि चार-सहा किलोमीटर वर गेल्याने तो नाला चुकत असेल, तर एवढ्या कमी खर्चात एवढा फायदा दुसऱ्या कशाने होत नाही. मात्र नव्या जागेच्या वर कोणतं मलनि:सारण केंद्र येणार आहे का, हे विकास आराखड्यात बघा. शिमल्यात अश्वनी खड्ड या उद्भवाच्या वरच्या अंगाला मल्याणाचं मैला शुद्धीकरण केंद्र होतं. २०१५-१६ च्या हिवाळ्यात तिथून नीट शुद्ध न झालेलं पाणी ओढ्यात आलं, शहरात काविळीची साथ पसरली आणि त्या उद्भवाचा पुरवठा बंद करावा लागला. शुद्धीकरण केंद्र वर आहे म्हणजे पाणी शुद्धच येतं, असं धरून चालत नाही. ते बंद पडलेल्या दिवशी काय येईल, तेही उद्भव निवडताना धरावं लागतं.

दुसरा, नदीकाठच्या वाळूतून पाणी घेणं. नदीच्या पात्रातून थेट न उपसता काठापासून काही अंतरावर विहीर किंवा आडव्या जाळीच्या नळ्यांची विहीर घ्यायची, म्हणजे नदीचं पाणी वाळूतून झिरपत तिच्यात येतं. या प्रवासात गढूळपणा जवळजवळ जातो, जंतू हजारो पटींनी घटतात, आणि नदीत अचानक आलेला लोंढा विहिरीत सौम्य होऊन पोचतो. ऱ्हाइनकाठची जर्मन शहरं दीडशे वर्षांपासून असं पाणी पितात. आपल्याकडे हरिद्वारमध्ये गंगा आणि वरचा गंगा कालवा यांच्या दरम्यान अशा बावीस मोठ्या विहिरी आहेत. अहमदाबादने साबरमतीच्या वाळूत फ्रेंच पद्धतीच्या विहिरी वर्षानुवर्षं वापरल्या.

महाराष्ट्रात हे सगळीकडे चालत नाही. तापी-पूर्णेचा गाळाचा पट्टा, वैनगंगा आणि वर्धा नद्यांची वाळू, गोदावरीचे काही टप्पे इथे जागा सापडू शकते. कृष्णा-भीमेच्या वरच्या भागात काळा दगड वर असतो आणि काठाला चिकणमाती, तिथे बहुतेक ठिकाणी जमणार नाही. ठरवायची रीत अशी: काठावर नदीला काटकोनात चार-पाच चाचणी छिद्रं घ्या. उन्हाळ्यातल्या पाणीपातळीखाली निदान पाच-सहा मीटर स्वच्छ वाळू किंवा गोटे लागले तरच पुढे जा. मग ७२ तासांची उपसा चाचणी. नदीची आणि विहिरीची वाहकता व तापमान रोज लिहा. नदीत झालेला बदल विहिरीत किती दिवसांनी दिसतो, तो पाण्याचा प्रवासकाळ. तो दोन-तीन आठवड्यांच्या वर असेल तर जंतूंच्या बाबतीत समाधानकारक. दोन-तीन दिवसच असेल तर विहीर नदीच्या फार जवळ आहे.

याचेही दोष आहेत. क्षार आणि विरघळलेला रंग वाळू काढत नाही. नदी सडलेली असेल तर वाळूतला ऑक्सिजन संपतो, लोह आणि मँगनीज विरघळून विहिरीत येतात आणि नळाखालच्या बादलीत काळे-तांबडे डाग पडतात. त्यासाठी हवा मिसळण्याची पायरी आणि गाळणी लावावी लागते. आणि सर्वांत मोठा शत्रू वाळू उपसा. ज्या वाळूच्या भरवशावर विहीर घेतली ती लिलावात गेली की योजना संपली. वरखाली एक-एक किलोमीटर वाळू उपशाला कायमची बंदी, असा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश हातात आल्याशिवाय पहिली कुदळ मारू नका.

आता बोअर. एक चांगली बोअर ताशी ८००० लिटर देते आणि बारा तास चालते असं धरा, म्हणजे रोज सुमारे ९६ हजार लिटर. १६ दशलक्ष लिटरला दीडशेहून जास्त बोअर लागतील, आणि त्या सगळ्या मेमध्येही तेवढंच पाणी देतील हे दगडी मुलखात कुणी सांगू शकत नाही. शहराखालच्या बोअरमध्ये गटारांमुळे नायट्रेट बऱ्याचदा ४५ मिलिग्रॅमच्या वर असतं. विदर्भात यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइड, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मीठ. त्यामुळे संपूर्ण शहराचा उद्भव म्हणून बोअर नको. आणीबाणीचा उद्भव म्हणून, शहराबाहेर, तपासलेल्या दहा-पंधरा बोअर राखून ठेवणं मात्र उपयोगी आहे. त्यांचा पंप महिन्यातून एकदा चालवा, नाहीतर गरजेच्या दिवशी तो फिरणार नाही.

"आहे त्याच केंद्रात ताकदीची यंत्रणा" म्हणजे बहुतेक वेळा आरओ सुचवलेलं असतं. संपूर्ण शहराच्या पाण्याला आरओ लावलं की पाव ते निम्मं पाणी क्षारांसकट बाहेर टाकावं लागतं. ते पुन्हा नदीतच जाणार आणि खालच्या गावाला त्रास होणार. वीज आणि पडदे (मेंब्रेन) बदलण्याचा खर्च नगरपरिषदेच्या पाणीपट्टीत भागत नाही. पाण्यात फक्त मैल्याचा अंश असेल तर ओझोन आणि दाणेदार कार्बनची जोड जास्त उपयोगाची आहे, पण कार्बन वेळेवर बदलला नाही तर त्याचा खड्ड्यातल्या वाळूइतकाच उपयोग. पिण्यापुरतं पाणी प्रभागातल्या छोट्या केंद्रांतून द्यायचं झालं, तर माणशी ४ लिटरने लाख लोकांना रोज ४ लाख लिटर. ताशी १००० लिटरची चाळीस केंद्रं दिवसाला दहा तास चालवावी लागतील. एखाद्या उन्हाळ्याची सोय म्हणून ठीक.

थेट पाइपलाइनबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण शेवटी बहुतेक शहरं तिकडेच वळतात. धरणाचं पाणी बहुतेक वेळा चांगलं असतं, पण धरण आहे म्हणून नाही. धरणाच्या वर काय आहे त्यावर ते ठरतं. उजनी धरण आहेच, पण पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, भीमेतून त्याच्याच पोटात येतं. सोलापूरने तिथून पाइपलाइन टाकली म्हणून हा प्रश्न सुटला नाही. उन्हाळ्यात तिथे हिरवी साय धरते. अशा निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विष तयार करतात, आणि केंद्रात शिरताच क्लोरीन दिला की पेशी फुटून ते विष पाण्यात मोकळं होतं. म्हणून शेवाळाच्या पाण्याला सुरुवातीचा क्लोरीन बंद ठेवून, पीएसी (पॉली अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड) किंवा तुरटीने पेशी अखंड असतानाच गाळात बसवायच्या आणि क्लोरीन गाळणीनंतर द्यायचा. जॅकवेलला वेगवेगळ्या पातळ्यांवर किमान तीन दारं हवीत. साय वर असते तेव्हा मधल्या दाराने पाणी घ्यायचं. तळाचं दार मेमध्ये शक्यतो उघडायचं नाही, तिथे ऑक्सिजन नसल्याने लोह, मँगनीज आणि सडक्या अंड्याचा वास असतो.

खर्चाचा हिशेब बांधकामाच्या आकड्यावर संपत नाही. १६ दशलक्ष लिटर पाणी बावीस तासांत न्यायचं तर सेकंदाला सुमारे २०० लिटर. ५०० मिलिमीटर व्यासाच्या अस्तर दिलेल्या डीआय (चिवट ओतीव लोखंडाच्या) पाइपमध्ये ४० किलोमीटरला घर्षणात साधारण ६८ मीटर शीर्ष जातं, म्हणजे पंपाला पाणी तेवढं जास्त उंच चढवल्याइतकं काम पडतं, ६०० मिलिमीटरमध्ये २८ मीटर. हा ४० मीटरचा फरक म्हणजे दिवसाला अडीच हजार युनिट, वर्षाला नऊ लाख युनिट वीज. निविदेत स्वस्त दिसणारा बारीक पाइप नगरपरिषदेला तीस वर्षं महाग पडतो. प्रस्तावात हे दोन्ही आकडे शेजारीशेजारी मागून घ्या.

विजेला एक्स्प्रेस फीडर (फक्त या पंपांसाठीची वेगळी वीजवाहिनी) आणि शक्यतो दोन उपकेंद्रांतून जोडणी. चढावर एअर व्हॉल्व्ह, उतारावर गाळ काढायचे व्हॉल्व्ह, आणि पंप अचानक बंद पडल्यावर पाण्याचा उलटा तडाखा सोसणारी यंत्रणा. या तडाख्याचं गणित न करता टाकलेल्या वाहिन्या पहिल्याच वर्षी सांध्यांतून फुटतात. आणि एअर व्हॉल्व्ह फोडून शेतात पाणी घेणं ही सर्रास चालणारी गोष्ट आहे. ती पोलीस बंदोबस्ताने थांबत नाही. मार्गावरच्या गावांना मीटर लावून रीतसर जोडणी देणं हाच टिकाऊ उपाय आहे.

वेळेचा अंदाजही वास्तव धरा. कोल्हापूरची काळम्मावाडीहून येणारी थेट पाइपलाइन सुमारे ५३ किलोमीटरची. काम सुरू झाल्यापासून शहरात पाणी यायला २०२३ ची दिवाळी उजाडली, म्हणजे जवळपास दशक. वन विभाग, जलसंपदा, रस्ते, शेतजमिनी, प्रत्येकाची वेगळी परवानगी. त्या दहा वर्षांत लोक कोणतं पाणी पिणार, याचं उत्तर प्रस्तावातच लिहिलेलं हवं.

आणि ज्यांच्या नदीतून पाणी न्यायचं, त्यांचं काय? इचलकरंजीसाठी वारणेतून दानोळी येथून आणि नंतर दूधगंगेतून सुळकूड येथून पाणी आणायच्या योजना झाल्या. दोन्ही ठिकाणी काठच्या गावांनी कडाडून विरोध केला. तो विरोध अडाणीपणाचा नव्हे. उन्हाळ्यात आवर्तन चुकलं की ऊस वाळतो, हे त्यांनी भोगलेलं आहे. तुम्ही नदी घाण केली आणि आता आमची नेता, हेही त्यांचं म्हणणं खरं आहे. त्यांच्यासमोर आकडे ठेवा: १६ दशलक्ष लिटर रोज म्हणजे वर्षाला सुमारे ०.२ टीएमसी. पाटाने भिजवलेल्या अडीचशे ते तीनशे हेक्टर उसाला लागतं तेवढं पाणी. काळम्मावाडीसारख्या २५ टीएमसीच्या धरणात हे फार नाही. पण छोट्या धरणातून, दुष्काळाच्या वर्षी, हा आकडा डोळ्यांत भरतो. आरक्षण कोणत्या पातळीपर्यंत, टंचाईत कपात कुणाची किती, आणि शहर आपलं सांडपाणी केव्हापर्यंत शुद्ध करणार, हे लेखी दिल्याशिवाय गावांनी विश्वास का ठेवावा? शुद्ध केलेलं सांडपाणी कारखान्यांना देऊन तेवढं ताजं पाणी मोकळं करणं हाही करारातला एक भाग होऊ शकतो. नागपूरचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, म्हणजे हे आपल्याकडे चालतं.

मला स्वतःला तुमच्यासारख्या शहरासाठी सर्वांत आधी तपासावासा वाटणारा पर्याय म्हणजे साठवण तलाव. कोपरगाव गोदावरीच्या काठावर वसलेलं आहे, तरी ते कालव्याच्या आवर्तनातून तलाव भरून घेतं आणि तेच पाणी पितं. येवल्यातही पालखेड कालव्याच्या पाण्यावर हीच रीत. तुमच्या जवळून कालवा जात असेल, किंवा नदी ऑगस्ट ते जानेवारी चांगली वाहत असेल, तर चांगल्या महिन्यांत तलाव भरायचा आणि वाईट महिन्यांत नदीला हात लावायचा नाही. सात दिवसांचा साठा म्हणजे १.१ लाख घनमीटर, पाच मीटर खोलीला साधारण साडेपाच एकर पाणपसारा. एवढ्याने बरगे काढल्याचे आणि पहिल्या पावसाचे दिवस निभावतात. साठ दिवसांचा म्हणजे ९.६ लाख घनमीटर, सहा मीटर खोलीला चाळीस एकर. एप्रिल-मेमध्ये बाष्पीभवनाने रोज ८ ते १० मिलिमीटर पाणी उडतं, म्हणजे या चाळीस एकरांतून दिवसाला १३ ते १६ लाख लिटर. ते गरजेत आधीच मिळवा. तळाला काळ्या मातीचा दाबलेला थर किंवा जाड प्लॅस्टिकचं अस्तर लागतं. ते नीट घातलं नाही तर तलाव मार्चमध्येच तळ दाखवतो. उभ्या पाण्यात शेवाळ धरतं, म्हणून तलाव चार मीटरपेक्षा उथळ बांधू नका. आणि कुंपण घाला, गुरं आणि धुणी तिथे पोचता कामा नयेत.

इथवरचं एकत्र बांधायचं तर माझा क्रम असा: नदीची पाहणी आणि वाईट आठवड्याचे नमुने. मग जॅकवेल वर सरकवता येतो का आणि काठाला वाळू आहे का. त्याच वेळी सात दिवसांच्या तलावाची जागा. थेट पाइपलाइनची तयारी समांतर चालू द्या. ती पूर्ण झाल्यावरही जुना जॅकवेल मोडू नका, राखीव ठेवा. एका उद्भवावरचं शहर एका फुटलेल्या सांध्याने तहानलेलं राहतं.

आता काविळीचा मुद्दा. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती हिपॅटायटिस ई विषाणूची. हा विषाणू मैल्यातून पाण्यात येतो. नदीतून येऊ शकतो, तसाच गटारातून जाणाऱ्या फुटक्या नळजोडणीतूनही येतो. दिवसातून तास-दोन तास पाणी सोडणाऱ्या गावात उरलेल्या वेळी वाहिनी रिकामी होते आणि भोवतीचं गटाराचं पाणी आत ओढून घेते. धरणाचं अमृतासारखं पाणीही त्या वाहिनीतून आलं की तसंच होणार. त्यामुळे उद्भव कोणताही असो, पहिल्या वर्षी हे करा: गटार ओलांडणाऱ्या सगळ्या घरजोडण्या वर उचलून घ्या किंवा बदला. केंद्रात गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) खाली आणा, क्लोरीनला निदान तीस मिनिटांचा संपर्क आणि त्यानंतर ०.५ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन. सर्वांत शेवटच्या नळावर ०.२ मिलिग्रॅम मिळतो का, ते प्रभागवार रोज तपासून फलकावर लावा. ज्या गल्लीत तो शून्य येतो तिथेच खोदा, गळती बहुधा तिथेच असते. टीसीएल (ब्लिचिंग) पावडर वापरत असाल तर पोत्यावरची तारीख बघा. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, ओलसर खोलीत दोन-तीन महिन्यांत तो पुष्कळ उतरतो, आणि डोस मात्र जुन्याच वजनाने दिला जातो.

हे सगळं होईपर्यंत घरात काय करायचं, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून किंवा दुपदरी सुती कापडातून गाळून निवळू द्या, मग खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळा. थंड करून झाकून, तोटीच्या भांड्यात ठेवा. अमोनियाच्या पाण्यात क्लोरीनच्या गोळ्या पुरेशा पडत नाहीत, म्हणून साथीच्या दिवसांत उकळण्यावरच भर द्या. घरात गरोदर बाई असेल तर तिच्यासाठी याला अजिबात सूट नको. शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई झाला तर दर चार-पाच जणींत एक दगावू शकते. तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधासाठी बोअरचं पाणी वापरत असाल तर त्याचं नायट्रेट आधी तपासून घ्या. ते ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर उकळून उपयोग नाही, उकळल्याने ते आणखी दाट होतं. बाळासाठी दुसरं पाणी आणा.